आसरा किती दिवसांचा?



अमरावती हे शहर अकोल्याच्या बेघरांनी मोठे केले, असे म्हटले तर अकोलेकर हसतील आणि अमरावतीकर रागावतील. पण इंग्रजी अमदानीतले जुने गॅझेटियर उघडून पाहावे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तालुकदाराच्या जुलमाला कंटाळून अकोल्याचे पुष्कळ लोक घरेदारे टाकून निघाले व अमरावतीस येऊन राहिले, आणि तेथून या गावाला महत्त्व आले, असे त्यात नोंदले आहे. पुढे १८०७ च्या सुमारास येथील सावकार-व्यापाऱ्यांचे पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने परकोट बांधावयास घेतला. त्याला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. म्हणजे जे लोक एकदा उठून आले होते, त्यांच्याच गावाला एक-दोन पिढ्यांत भिंत आली, आणि भिंतीच्या आतले व भिंतीबाहेरचे असे माणसांचे दोन वर्ग पडले. परकोटाच्या भिंती आज जागोजागी ढासळल्या आहेत; वर्ग मात्र शाबूत आहेत.

बेघर माणसाला आसरा मिळावा म्हणून वऱ्हाडात कोणी काय केले, याचा इतिहास आज थोडक्यात आपणांपुढे ठेवावयाचा आहे. विषय पसरट आहे, म्हणून मी एकच प्रश्न हाती धरून चालणार आहे. आसरा दिला, हे खरे. पण तो किती दिवसांचा दिला? दान देणारा, कायदा करणारा, घरमालक, नगरपालिका या साऱ्यांनी आपापल्या परीने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आणि बहुधा ते न बोलता दिले आहे.

वऱ्हाडातले बेघरपण कापसाबरोबर वाढले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी झाली, तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, १८६७ साली ती नागपूरपर्यंत पोचली, स्टेशनास्टेशनाजवळ जीन आणि प्रेस उभे राहिले. या धंद्याला माणूस हवा तो हंगामापुरता. दिवाळीनंतर यावे, उन्हाळा तोंडावर आला की निघून जावे. हंगाम संपला की त्याचे गावात राहण्याचे कारणच संपे. दुसरीकडे जमिनीला किंमत आली म्हणून तिच्यावर कर्ज मिळू लागले, आणि कर्ज मिळू लागले म्हणून जमीन जाऊ लागली. कुणबी होता तो मजूर झाला. अशा घडीला १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लक्ष होती, ती १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लक्षांवर आली. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली, थकल्याभागलेल्यांसाठी आश्रयगृहे उघडली. पाऊस पडला, पीक उभे राहिले आणि आश्रयगृहे बंद झाली. सरकारी आसऱ्याची मुदत पावसाने ठरविली.

हा दुष्काळ ऐन तारुण्यात पाहिलेला एक माणूस तेव्हा दापुऱ्याला मामाच्या शेतात राबत होता. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा, जातीने परीट. बाप दारूपायी अकाली गेला, म्हणून आई सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात माहेरी आली. परक्याच्या घरी वाढणे म्हणजे काय, हे या मुलाला सांगावे लागले नाही. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली, आणि ताबा घ्यायला आलेल्या माणसांपुढे डेबूजी उभा राहिला, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती फुटके गाडगे आणि खराटा. त्या गाडग्यावरूनच त्यांना गाडगेबाबा हे नाव पडले.

घर सोडलेल्या माणसाने आयुष्यभर इतरांसाठी छपरे उभारावीत, यात काही गूढ आहे असे मला वाटत नाही. रस्त्यावर झोपणाऱ्याला जे कळते ते माडीवरून कळत नाही, एवढेच. सुरुवात ऋणमोचनला झाली. पूर्णेच्या काठी पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठावर चिखल, उतरावयास धड वाट नाही. बाबांनी स्वतः कुदळ-फावडे घेतले आणि लोकांच्या मदतीने घाट बांधून काढला. मग मूर्तिजापूर. हे रेल्वेचे जंक्शन; यवतमाळकडचे आणि अचलपूरकडचे फाटे तेथे मिळत. गाडी चुकलेला गरीब माणूस रात्र काढणार कोठे? तेथे धर्मशाळा आणि गोरक्षण उभे राहिले. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशी ही साखळी वाढत गेली.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण धर्मशाळा ही काही बाबांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. राजेरजवाडे, शेटसावकार शतकानुशतके धर्मशाळा बांधीत आले. दारावर दात्याच्या नावाची शिळा, आत ओवऱ्या, मध्ये विहीर, आणि मुक्कामाची मुदत साधारणतः तीन दिवसांची. दात्याला पुण्य मिळे, वाटसरूला सावली मिळे, पण ती कोणत्या वाटसरूला, हे जातीवरून ठरे. पंढरीच्या वारीला गेलेला महार वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात झोपत असे. ज्या चोखोबाची समाधी नामदेवपायरीसमोर आहे त्याच्याच लोकांना गावात पाठ टेकण्यास जागा नव्हती. १९२० च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली ती याच कारणाने. साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले झाले १९४७ साली. त्याच्या पाव शतकाहून अधिक आधी त्यांना निदान छप्पर मिळाले होते. देवळात जाण्याचे बाबांना फारसे अगत्य नव्हते. तीर्थी धोंडापाणी, हे ते कीर्तनातून रोकडे सांगत. कर्ज काढून यात्रा करू नका, असे बजावीत. तरी धर्मशाळा बांधल्या त्या तीर्थांच्या गावीच! हा विरोध दिसतो तेवढा खरा नाही. देवासाठी नव्हे, तेथे उघड्यावर झोपणाऱ्या माणसांसाठी ते तेथे गेले.

एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाबांच्या प्रेरणेने झालेल्या धर्मशाळांतही मराठ्यांची वेगळी, परिटांची वेगळी, चोखामेळ्याची वेगळी असा प्रकार होता. जात मोडा म्हणून सांगणाऱ्याने जातवार धर्मशाळा का काढू दिल्या? दाते जातीजातीतून गोळा होत, हे त्याचे व्यावहारिक कारण. आपल्या जातीसाठी माणूस खिशात हात घालतो, सर्वांसाठी म्हटले की घड्याळ पाहतो. हे कारण मला समजते. पण समजले म्हणून मान्य होते असे नाही. त्या काळाशी बाबांना ही तडजोड करावी लागली, असेच मी म्हणेन. मात्र १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. वारीच्या दिवसांपुरता मिळणारा आसरा शिक्षण पुरे होईपर्यंतचा झाला. आपल्या आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने बाबांच्या चरित्रातली ही सर्वांत अर्थपूर्ण घटना आहे, आणि चरित्रांतून ती सहसा दोन ओळींत आटोपलेली असते.

त्यांच्या व्यवस्थेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मालकी. पैशाला ते स्वतः शिवत नसत. देणाऱ्याने तो ठरलेल्या माणसाकडे द्यावा. इमारत झाली की ती विश्वस्तांची. आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा तिच्यावर काडीचाही हक्क राहणार नाही, असा कटाक्ष. बायको कुंताबाई आणि मुले यांचे दिवस झोपडीत गेले. लक्षावधींच्या इमारतींचा निर्माता त्यांना एक खोली देईना. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि कोणाला त्यात कठोरपणाही दिसेल. मलाही दिसतो. पण संस्था काढणाऱ्यांची मुले संस्थेच्या आवारात बंगले बांधतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कठोरपणाचा उपयोगही कळेल. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि सारी कामे त्याच्याकडे गेली.

त्यांच्या नावाने जी दशसूत्री सांगितली जाते, तीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबर बेघराला आसरा हेही एक सूत्र आहे. आसरा म्हटले आहे, घर म्हटलेले नाही. वाटसरू आज आहे, उद्या निघून जाईल, हे धर्मशाळेचे गृहीतच आहे. त्याला जाण्यासाठी कोठेतरी घर आहे, हेही तिने गृहीत धरलेले असते. तीन दिवसांचा नियम क्रूर वाटत नाही तो याच कारणाने. मुंबईत इस्पितळाशी रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा हवा, ही जाणीव बाबांना होती. त्यांच्या पश्चात १९८४ साली दादरला जी धर्मशाळा झाली ती कर्करोगाच्या रुग्णांसाठी. त्या रोगाचा उपचार महिनोन्‌महिने चालतो, म्हणून मुक्कामही तेवढा चालतो. पण तेथेही रुग्ण अखेर घरीच जावयाचा असतो. ज्याला परत जाण्यास घरच नाही, त्याचे काय?

असा माणूस अमरावतीच्या रस्त्यावर होता. त्याला महारोग होता.

१८९८ साली इंग्रज सरकारने महारोग्यांविषयी एक कायदा केला. त्या कायद्यान्वये अधिसूचित भागात भीक मागणारा वा निर्वाहाचे साधन नसलेला महारोगी दिसला तर पोलिसाने त्यास वॉरंटावाचून पकडावे आणि आश्रयगृहात डांबावे. अमुक धंदे त्याने करू नयेत, सार्वजनिक विहिरीवर स्नान करू नये, असेही निर्बंध सरकारला घालता येत. ज्याच्यापाशी पैसा होता अशा रोग्याला तो कायदा पकडीत नव्हता. रोग आणि दारिद्र्य दोन्ही असलेल्यालाच पकडीत होता. असला कायदा आमच्या पुस्तकांतून २०१६ साली निघाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर ६९ वर्षांनी! मिशनऱ्यांनी अचलपूरजवळ कोठारा येथे महारोग्यांची सेवा इंग्रजी अमदानीतच सुरू केली होती, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आमच्या लोकांना जाग उशिरा आली.

डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे मूळचे जमखंडी संस्थानाकडचे, जन्म १८९२. अमरावतीस येऊन त्यांनी होमिओपॅथीचा व्यवसाय केला, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उभारणीत भाग घेतला, स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. दाजीसाहेब म्हणून सारे शहर त्यांना ओळखी. १९४६ साली त्यांनी शहराबाहेरच्या माळावर तपोवन वसविले. वसविले हा शब्द मी जाणून वापरतो. इस्पितळ काढणे निराळे आणि वस्ती वसविणे निराळे. सुतारकाम, विणकाम, शेती असे उद्योग तेथे रोगी स्वतः करू लागले. बोटे झडलेल्या हातांना काम देता येते, हे लोकांना खरे वाटत नसे. ते तेथे बनलेल्या वस्तूंनी पटविले. वैद्यकाचा काळही अनुकूल होता. सल्फोन जातीची औषधे चाळिशीच्या दशकात आली आणि महारोग आटोक्यात येऊ लागला. १९८२ पासून बहुविध औषधांची पद्धत आली आणि तो पूर्ण बरा होऊ लागला.

येथे मोठी विचित्र गोष्ट घडली. रोगी बरा झाला, तरी घरचे लोक त्याला घेईनात. भावांनी वाटणी करून घेतलेली, बायको माहेरी गेलेली, गावात बातमी फुटलेली. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत जिवंत होते. औषधाने जंतू मेले, पण घराचा बंद दरवाजा त्याने उघडला नाही. तीन दिवसांच्या धर्मशाळेचे तत्त्व येथे लागू पडत नाही, हे दाजीसाहेबांनी जाणले. तपोवनातला रहिवासी पाहुणा नव्हता. तो तेथे जन्मभर राहणार होता, तेथे राबणार होता, आणि मेला तर तेथलीच माणसे त्याला खांदा देणार होती. आसऱ्याला प्रथमच मुदत नव्हती. १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली ते निवर्तले.

मला तपोवनाविषयी एकच शंका कायम वाटत आली आहे. माळावर वेगळे गाव वसविले म्हणजे मूळ गावाची सुटका होते. रस्त्यावर रोगी दिसेनासा होतो, आणि आपणही त्याला विसरतो. परकोटाच्या भिंतीसारखेच ते. पण ही शंका दाजीसाहेबांना लागू नाही, आपल्याला लागू आहे. त्यांनी जागा केली. ती गावात का करता आली नाही, याचे उत्तर गावाने द्यावयाचे आहे.

तपोवन निघाले आणि वर्षाभरात फाळणी झाली. सिंधमधून निर्वासित वऱ्हाडात आले. अमरावतीचा रामपुरी कॅम्प आणि अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावे त्या दिवसांची. कॅम्प म्हणजे तात्पुरता तळ. आज तेथे पक्की घरे आहेत, दुकाने आहेत, तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. नावात मात्र तो तात्पुरतेपणा चिकटून राहिला आहे. सरकारने निर्वासितांना जागा दिल्या, कर्जे दिली, तळाचे गाव होऊ दिले. हे अगदी योग्य झाले. हेच औदार्य त्याच दशकांत गावोगावच्या नझूल जमिनीवर झोपडे टाकणाऱ्या मजुराच्या वाट्याला का आले नाही, एवढेच विचारावयाचे. तो दुष्काळाचा, कर्जाचा निर्वासित होता. पण त्याच्यासाठी निर्वासित हा शब्द कोणी वापरला नाही.

निवाऱ्याच्या प्रश्नात कायद्याने खरे पाऊल टाकले ते याच सुमारास. १९४९ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात घरभाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. आमच्याकडच्या वकिलांच्या तोंडी त्यातले कलम १३ इतके बसले होते की भाडेकरूही त्याचा आकडा सांगत. भाडे नियंत्रकाची परवानगी घेतल्यावाचून मालकाने भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देऊ नये, असे ते कलम. भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला जागा हवी झाली, अशी कारणे सिद्ध झाली तरच परवानगी. रिकामी जागा झाली तर मालकाने सरकारला कळवावे, आणि ती सरकारी नोकराला, निर्वासिताला किंवा घरातून काढले गेलेल्याला देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला होता. वऱ्हाड पुढे मुंबई राज्यात गेले, मग महाराष्ट्रात आले, तरी हा आदेश येथे चालूच राहिला. ३१ मार्च २००० रोजी नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तेव्हा तो गेला. अर्धशतकभर त्याने हजारो संसार सांभाळले, यात शंका नाही. मालकांनी खोल्या भाड्याने देणेच सोडले, जुने वाडे दुरुस्तीवाचून पडले, हेही खरे. आणि ज्याच्यापाशी मुळात एकही खोली नव्हती त्याला या आदेशाचा काहीच उपयोग नव्हता. भाडेकरू होण्यासाठी आधी दाराच्या आत असावे लागते.

दाराबाहेरच्या माणसासाठी दुसरा कायदा होता. मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. निर्वाहाचे उघड साधन नसताना भटकणारा माणूस त्याच्या व्याख्येत बसतो, आणि पहिल्याच खेपेस त्याला एक ते तीन वर्षे संस्थेत अडकवून ठेवता येते. आपल्या प्रश्नाचे याइतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्याही कायद्याने दिलेले नाही: आसरा किती दिवसांचा? कमीत कमी ३६५. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली गुन्ह्याची कलमे दिल्लीपुरती रद्द केली.

फासेपारध्यांची कथा याहून जुनी. १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगार जमात म्हणून शिक्का, तो उठला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पण गावकुसाबाहेर पाल दिसले की पोलिसाची पावले तिकडे वळतात, ही सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. या समाजातलेच शिक्षक मतीन भोसले यांनी अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे २०१२ साली मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचे नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत तिचे काही बांधकाम सापडले. नाव ठेवताना हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते!

आता परतवाड्याजवळच्या वझ्झरकडे वळतो. शंकरबाबा पापळकर हे गाडगेबाबांच्या वाटेने चालणारे. ‘देवकीनंदन गोपाला’ या नावाचे नियतकालिक त्यांनी चालविले. त्यांच्या बालगृहाला नाव आहे अंबादासपंत वैद्यांचे, म्हणजे ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात दाजीसाहेबांनी काम केले त्याच्या संस्थापकांचे. वऱ्हाडातल्या कामांचे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत. कचराकुंडीत, स्टेशनावर, बसस्थानकावर टाकून दिलेली अपंग, मतिमंद, मूकबधिर, अंध मुले पोलिसांमार्फत तेथे येत. शंकरबाबांनी अशा १२३ मुलांना बाप म्हणून आपले नाव लावले. नाव मिळाले म्हणजे कागद मिळतो, आणि कागदावाचून या देशात माणूस उभा राहू शकत नाही.

पण कायद्याचे म्हणणे असे की मूल अठरा वर्षांचे झाले की ते बालगृहातून बाहेर पडले पाहिजे. धडधाकट मुलाला हा नियम कदाचित चालेल. जिला घास भरवावा लागतो अशा मतिमंद मुलीला अठराव्या वाढदिवशी कोठे पाठवावयाचे? शंकरबाबांनी पाठविण्यास नकार दिला. मुले तेथेच राहिली, मोठी झाली, काहींची लग्ने झाली. बेवारस अपंगांना अठरा वर्षांनंतरही, जन्मभर, संस्थेत राहता यावे असा कायदा करा, अशी मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली, आणि वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. मला त्या बातमीत दुसरेच दिसले: अठराव्या वर्षी ती बाहेर पडली असती तर?

शहरांच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २०१० साली न्यायालयाने सांगितले की दर एक लक्ष लोकवस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास उघडा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तोच हिशेब घेतला, दर निवाऱ्यात किमान शंभर माणसांची सोय धरून. २०११ च्या जनगणनेत अमरावती सुमारे साडेसहा लक्षांची आणि अकोला सव्वाचार लक्षांची. म्हणजे अमरावतीस सहा, अकोल्यास चार निवारे हे न्यायालयाचे किमान माप. त्याच जनगणनेसाठी २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री उघड्यावर झोपलेल्यांची मोजणी झाली. देशात १७ लाखांवर आणि महाराष्ट्रात दोन लाखांवर माणसे सापडली. ज्यांनी असली मोजणी केली आहे ते सांगतील की रात्री माणूस सापडणे अवघड असते. पोलिस उठवील म्हणून तो लपून झोपतो. तेव्हा हा आकडा कमीत कमी समजावा. निवारा चांगला, पण त्याच्या भिंतीत धर्मशाळेचेच गृहीत आहे, हेही ध्यानात ठेवावे. सतरंजी आणि खाट मिळते. चूल मांडता येत नाही, पोराचे शाळेत नाव घालताना पत्ता म्हणून तो सांगता येतोच असे नाही.

म्हणून प्रश्न अखेर जमिनीवर येतो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लक्ष आणि राज्याचे एक लक्ष अशी अडीच लक्ष रुपयांची मदत ठरली. मेख ‘स्वतःच्या’ या शब्दात होती. नझूलवर तीस वर्षे राहिलेल्या माणसाची जागा स्वतःची नसते. तेव्हा पट्ट्याची मागणी पुढे आली, आणि २०१८ साली राज्य सरकारने शहरांतील सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे या योजनेसाठी नियमित करण्याचे ठरविले. पट्टा म्हणजे धर्मशाळेच्या अगदी उलट वस्तू आहे. धर्मशाळेवर वारसाचा हक्क नसावा, यातच तिचे मोल. पट्ट्याचे मोल तो मुलाच्या नावे लागतो यात.

मात्र २०११ पूर्वीपासून आपण येथे आहोत, हे सिद्ध करावयाचे कोणी? ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने. मतदारयादीतले नाव, विजेचे बिल, शिधापत्रिका, शाळेचा दाखला. वस्त्यांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा निम्मा वेळ आज हे कागद जुळविण्यात जातो. भाषणे, मोर्चे उरलेल्या वेळात. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला तेव्हा अकोल्याच्या काठावरच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरले. अशा वस्तीतली बाई पाणी चढताना आधी लेकराला काखेत मारते आणि मग आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढते. धान्य भिजले तर ते कोणी ना कोणी देईल. त्या पिशवीत तिचे दिवस मोजून ठेवलेले असतात.